दुसरीच्या वर्गातला तराजू

काटेसाहेबांचा कशावरच विश्वास नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते हातातल्या घड्याळावर ताडून बघायचे, आणि दोन्ही जुळली की दोन्ही मिळून चुकली नसतील ना, ह्या विचारात पडायचे. दूधवाल्याने माप काठोकाठ भरलं तरी ह्यांचं लक्ष मापाच्या बुडाकडे, तिथे पोचा तर पाडलेला नाही ना! बायको म्हणायची, "माझ्या भाजीतलं मीठसुद्धा तपासून शिक्का मारा एकदाचा." ते नुसते 'हूं' म्हणायचे आणि दुसरा घास जरा सावकाश खायचे.

काटेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. जन्मभर त्यांनी वजनमाप खात्यात निरीक्षकाची नोकरी केली होती, आणि काटे तपासणारा साहेब म्हणून बाजारातल्या दुकानदारांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. गिऱ्हाइकासारखी पिशवी घेऊन दुकानात शिरायचं, मुकाट्याने साखर मोजून घ्यायची, पैसे द्यायचे, पिशवी उचलायची आणि मग दारातून परत फिरून खिशातलं ओळखपत्र काढायचं, ही त्यांची पद्धत. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेलं वजन, एक हात आखूड असलेली दांडी, सगळ्या लबाड्या त्यांना पाठ होत्या. दुकानदार हातापाया पडत, पण साहेबांनी कधी कुणाला सोडलं नाही. निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना मखमलीच्या डबीत पितळेचं एक अस्सल वजन भेट दिलं. साहेबांनी ते घरी आणल्यावर आधी तपासून घेतलं.

तर अशा माणसाच्या घरात भिंगरी नावाची नात होती. मुलगा आणि सून दोघंही पाळीवर कामाला जाणारे, त्यामुळे भिंगरीला शाळेत नेणं आणि आणणं साहेबांकडे. पोरगी दुसरीत. आदल्या वर्षी ती दुसऱ्या एका शाळेत होती, घरापासून जवळ, शिस्तीची, भिंतींना पाढे टांगलेली. तिथे रोज सकाळी गणिताच्या तासाला पाढे म्हणायला उभं करत, आणि रोज सकाळी भिंगरीच्या पोटात दुखे. वर्षाच्या शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, पोर गणितात कच्ची आहे. सुनेने डोक्यात राख घालून तिचं नाव काढलं आणि लांबच्या शाळेत घातलं. आता भिंगरी उड्या मारत शाळेत जायची. त्यातही गणिताचा तास असला की केसांना तेल लावू न देता पळायची.

आणि नेमकी इथेच साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. ज्या दुकानात गिऱ्हाईक हसत हसत शिरतं, तिथल्या काट्याखाली हटकून काहीतरी सापडतं, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

त्यांनी तपासाला सुरुवात केली. दप्तर उघडलं, तर गणिताची वही जवळजवळ कोरी. कप्प्यात चिंचोके, दोन बटणं आणि सुतळीचा तुकडा. "सात आणि आठ किती?" त्यांनी विचारलं.

"थांबा हं," भिंगरी म्हणाली. तिने छताकडे बघितलं. "आठातले तीन काढून साताला दिले. दहा झाले. उरले पाच. पंधरा!"

"हा वळसा कशाला? सरळ पंधरा म्हणायचं."

"सरळच तर म्हटलं."

उत्तर बरोबर होतं, पण साहेबांचं समाधान झालं नाही. बरोबर वजन देणारे खोटे काटेही त्यांनी पाहिले होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जुन्या शाळेत चौकशी केली. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, एक जागा आहे, महिनाअखेरपर्यंत थांबू, मग दुसऱ्याला देऊ. त्या रात्री जेवताना साहेबांनी विषय काढला.

सून ताड्कन म्हणाली, "पुन्हा तिथं? मुळीच नाही."

मुलगा दोघांच्या मधे सापडला. शेवटी म्हणाला, "बाबा, ह्या शाळेत पालकांना एक दिवस वर्गात बसू देतात. तुम्ही जा, डोळ्यांनी बघा. नाहीच पटलं तर आपण जुन्या शाळेचं बघू. नेआण तुम्ही करता, तुमचा शब्द आम्ही मोडणार नाही."

हे बोलणं चाललं असताना भिंगरी दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं. आणि तशीच आजीच्या कुशीत जाऊन निजली.

ठरल्या दिवशी साहेब इस्त्रीचा सदरा घालून वर्गात जाऊन बसले. मखमलीची डबी खिशात होती. वर्गात बाकं नव्हती, सतरंज्या होत्या. फरशीवर खडूने आकड्यांची लांबच लांब शिडी काढलेली, आणि एक पोरगं तिच्यावर बेडकासारखं दोन दोन घरं उड्या मारत होतं. एका कोपऱ्यात मुलं काड्यांचे जुडगे बांधत होती, दहाचा एक. दुसरीकडे फासे खुळखुळत होते. साहेबांनी एक फासा उचलला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तो बराच वेळ टाकून बघितला. सहा जास्त पडत नव्हते. पुढे काय करावं ते न सुचून त्यांनी तो परत ठेवला.

वर्गाच्या बाई तरुण होत्या, बाहीला खडू लागलेला, आवाज बसलेला. साहेबांनी त्यांच्यावर नजर ठेवली. एक मुलगी म्हणाली, तेरा. शेजारची म्हणाली, चौदा. बाई म्हणाल्या, "असं होय? मग आता कसं ठरवायचं?" आणि चक्क पुढे निघून गेल्या! थोड्या वेळाने दुसरीकडे तोच प्रकार. कुणी काही विचारलं की ह्या उलट त्यालाच विचारणार. साहेबांनी मनाशी पक्कं केलं, ह्या बाईला उत्तरं येत नाहीत. येत नाहीत म्हणून हा सगळा खेळ मांडलाय, आणि पोरांना वाटतंय की आपली मजा चालली आहे.

एवढ्यात त्यांना खिडकीपाशी तराजू दिसला.

लाकडी दांडी, दोऱ्यांनी टांगलेली डब्यांची दोन झाकणं. तराजूच्या एका बाजूला भिंगरी, समोर तिची जोडीदारीण, दोन वेण्यांची चष्मेवाली. दोघींत चिंचोक्यांची एकच पिशवी. भिंगरीने ती आपल्या बाजूच्या पारड्यात ठेवली आणि दुसऱ्यात एकेक लाकडी ठोकळा टाकत गेली. अकरा ठोकळे झाले तेव्हा दांडी सरळ झाली. मग चष्मेवालीने तीच पिशवी आपल्या बाजूला घेतली. तिला तेरा ठोकळे लागले.

"तू चुकलीस," भिंगरी म्हणाली.

"तूच चुकलीस. कालपण चुकली होतीस."

"बाई, ही खोटं बोलते!"

बाई आल्या, दोघींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आणि दोघीही खरं बोलत असाल तर?" आणि निघाल्या. भिंगरी भुवया आवळून तराजूकडे बघत राहिली. तिचा हात पिशवीकडे गेला, मग थांबला, मग पुन्हा गेला.

साहेबांच्या अंगात जुनं वारं भरलं. मधली सुट्टी झाली, मुलं बाहेर पळाली, बाई पाणी प्यायला गेल्या, आणि साहेब तराजूपाशी पोचले. रिकामी पारडी अगदी समतोल. असणारच, रिकामा काटा सगळ्याच लबाडांचा समतोल असतो. त्यांनी डबीतलं वजन एका पारड्यात ठेवून ठोकळ्यांनी तोललं, मग बाजू बदलून तोललं. उत्तर बदललं. त्यांनी दांडी बोटाने चाचपली. मधलं भोक मधे नव्हतंच, बोटभर सरकवलेलं होतं. आणि आखूड बाजूच्या झाकणाखाली खिळा चिकटवला होता, रिकामेपणी तोल दिसावा म्हणून. हे आपोआप झालेलं नव्हतं. हे कुणीतरी बसून, मोजून, मुद्दाम केलेलं होतं. कितीतरी दिवसांत साहेबांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

सुट्टी संपली. मुलं आत येऊन बसली तसे साहेब उठून उभे राहिले. बाई काही म्हणायच्या आत त्यांनी तराजू उचलला आणि बाजारातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, "हा तराजू खोटा आहे. आणि मुद्दाम खोटा केलेला आहे. इकडे बघा सगळ्यांनी." त्यांनी भोक दाखवलं, खिळा काढून दाखवला, बाजू बदलल्या की अकराचे तेरा कसे होतात ते समजावून सांगितलं, काहीही न वगळता. मग बाईंकडे वळून विचारलं, "हे कुणाचं काम?"

बाईंचा चेहरा उतरला. "माझं," त्या म्हणाल्या.

"कबूल आहे ना?"

"कबूल आहे."

साहेबांना वाटलं, पोरं चकित झाली. त्यांनी भिंगरीकडे बघितलं. आजोबांनी चोर पकडला म्हणून ती खूश असेल असं त्यांना वाटलं होतं. तिने तोंड दोन्ही हातांत लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

घरी जाताना ती त्यांचं बोट न धरता चालली. घराच्या फाटकाशी आल्यावर एकदाच बोलली. "मला येणार होतं," ती म्हणाली. "पिशवी इकडची तिकडे केली की काहीतरी होतं, एवढं मला कळलं होतं. उद्या मी बघणार होते. तुम्ही सांगून टाकलंत."

"अगं, मी तुझ्या बाजूने..."

ती ऐकायला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीच्या पोटात दुखायला लागलं.

साहेबांनी आधी डॉक्टरांना फोन करायचं म्हटलं. बायको ओट्यापाशी हात पुसत होती. "डॉक्टर कशाला?" ती म्हणाली. "आजार काय ते तुम्हालाही ठाऊक आहे नि मलाही. जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासलेत, आता जरा स्वतःचा तपासा."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण भिंगरी भिंतीकडे तोंड करून निजली होती, आणि ते बघून त्यांना राग धरून ठेवता येईना. दुपारी ते एकटेच शाळेत गेले. वर्ग सुटला होता. बाई फरशीवर बसून चिंचोके डब्यात भरत होत्या. साहेबांनी माफी मागितली नाही, ती त्यांची सवय नव्हती. ते म्हणाले, "मुलांपुढे खोटा तराजू ठेवायचा, ही कसली शिकवण?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही पहिला खोटा काटा धरलात, तो कुणी दाखवला होता तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? मीच शोधला."

"कसा?"

साहेब सांगायला लागले आणि सांगता सांगता खाली सतरंजीवर बसले. नोकरी नवी होती. मोठ्या व्यापाऱ्याचा काटा, वरिष्ठांनी शिक्का मारलेला, कुणाला शंका नाही. ह्यांचा हात अवघडला म्हणून ह्यांनी सहज वजन आणि माल ह्यांची अदलाबदल केली आणि दांडी कलली. वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा कलली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं, एवढा आनंद झाला होता. कुणाला सांगावं आणि कुणाला नाही असं होऊन गेलं होतं. पुढची सगळी नोकरी, ती सगळी वणवण, दुकानदारांचे शिव्याशाप, हे सगळं त्या एका दुपारच्या जोरावर निभावलं होतं.

आणि बोलता बोलता त्यांना कळलं. पिशवीकडे गेलेला, थांबलेला, पुन्हा गेलेला तो लहानसा हात त्यांच्या डोळ्यांपुढे आला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंगरीची ती दुपार त्यांनी भर वर्गात उघडून, समजावून, संपवून टाकली होती. गणितात कच्ची म्हणून हिणवलेल्या पोरीची.

"मी दुसरा करून देतो," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे संशयाने बघितलं. तसा त्यांना हक्कच होता. "खोटा?"

"तराजू खरा. अगदी अस्सल. बाजू बदलून बघायचं आता सगळ्यांना माहीत झालंय, माझ्याच कृपेने. लबाडी दुसरीकडे ठेवू."

"एक अट आहे. वर्गात यायचं नाही. आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही. तिने विचारलं तरी, ती चुकत असली तरी."

"त्यात काय आहे?" साहेब म्हणाले. त्यात काय आहे हे त्यांना पुढे कळायचं होतं.

गच्चीत बसून साहेबांनी तराजू केला. दांडीचं भोक काटेकोर मधोमध. मग लाकडी ठोकळे घेतले आणि त्यातले काही आतून पोखरले. भोकात लाकडाचं बूच ठोकलं, वरून रंग दिला. हातात घेऊन कुणाला फरक कळू नये इतपतच पोखरले. बायको कपडे वाळत घालायला आली आणि बघतच राहिली. "अहो, ज्यांना जन्मभर धरलंत त्यांचाच धंदा सुरू केलात?"

"हळू बोल," साहेब म्हणाले.

नवा तराजू वर्गात गेला. भिंगरी पुन्हा शाळेत जाऊ लागली, पण आजोबांशी तिचं बोलणं कामापुरतं. घरी आली की ती आपल्या चिंचोक्यांशी काहीतरी मांडायची. एकदा ती चष्मेवालीला फोनवर सांगत होती, "अगं, दांडीच खोटी असणार. अजून उलटी करून बघू." साहेब वर्तमानपत्रामागे बसले होते. दांडी! त्यांच्या त्या दांडीला नाव ठेवतेय पोरगी! पूर्ण चुकीच्या वाटेने चालली होती, आणि एका शब्दाने तिला वळवता आलं असतं. त्यांनी वर्तमानपत्र घट्ट धरलं आणि मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवशीही ती दांडीवरच होती, तिसऱ्या दिवशीही. साहेबांचं जेवणात लक्ष लागेना. कधीकधी जेवता जेवता भिंगरी घास थांबवून त्यांच्याकडे टक लावून बघायची. ती नजर साहेबांच्या ओळखीची होती. ती त्यांचीच होती, आणि ती आपल्यावर रोखली गेली की कसं वाटतं हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच समजत होतं.

महिनाअखेर आली. जुन्या शाळेला त्याच दिवशी उत्तर द्यायचं होतं. घरात कुणी विषय काढला नव्हता, मुलाने नाही, सुनेनेही नाही, सगळे साहेबांच्या शब्दाची वाट बघत होते.

शाळा सुटल्यावर भिंगरी बाहेर आली ती सावकाश. रस्ता ओलांडून दोघं पदपथावर आली तेव्हा तिने मागे वळून बघितलं, जवळपास कुणी नाही ना ते. मग म्हणाली, "तराजू खरा आहे."

साहेबांनी चेहरा कोरा ठेवला. "असं?"

"ठोकळे खोटे आहेत. सगळे नाहीत. मी दोन पारड्यांत एकेक ठोकळा ठेवून बघितला. काही वर जातात. ते मी वेगळे काढले आणि मग पिशवी दोन्हीकडून सारखी भरली."

साहेबांना तिला उचलून घ्यायचं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मग? बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"वर्गात?"

"नाही ना," भिंगरी म्हणाली. "ते ठोकळे मी परत मिसळून ठेवले. बाकीच्यांना अजून सापडायचंय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत चोर सापडल्यावर गप्प बसणं त्यांना एकदाही जमलं नव्हतं. साहेब आपल्याच नादात चालत राहिले, आणि पुढच्या चौकात घराकडे न वळता डावीकडे वळले. थोडं अंतर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच चालतोय.

भिंगरी मागे उभी होती. समोर जुन्या शाळेचं फाटक दिसत होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"इकडे का आलो?" तिने विचारलं.

"जागा नको म्हणून सांगायला," साहेब म्हणाले. "आजच सांगायचं होतं. तू इथं सावलीत थांब. मी आत जाऊन सांगून येतो. तुझी शाळा तीच राहणार."

भिंगरी हलली नाही. तिने त्यांच्याकडे बघितलं, डोळे बारीक करून, बराच वेळ. मग दप्तराचे पट्टे खांद्यांवर नीट ओढून घेत म्हणाली, "मीपण आत येणार. तुम्ही काय सांगता ते मला ऐकायचंय."

कुणा दुकानदाराने साहेबांच्या शब्दावर असा अविश्वास दाखवायची हिंमत कधी केली नव्हती. साहेबांना ते फार लागलं, पण तक्रारीला जागा नव्हती. त्यांनी फाटक उघडून धरलं आणि तिला पुढे जाऊ दिलं.